अर्धवट राहिलेलं क्रॉस स्टिच पुढे सरकत नाही? आधी सुई कुठे थांबली ते बघा

क्रॉस स्टिच, म्हणजे कापडाची घरं मोजून एकेका घरात फुली भरायचं भरतकाम, करणाऱ्या बायका भेटल्या की एक तक्रार हमखास निघते. सुरुवात झोकात होते, पहिले काही आठवडे रात्री जागून टाके पडतात, चित्र निम्म्यावर येतं आणि मग हातच लागत नाही. कापड पिशवीत जातं, पिशवी साड्यांच्या मागे जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा हाती लागते. ‘आता दिवाळी झाली की नक्की’ असं म्हणून परत जागच्या जागी. मग प्रश्न येतो, उत्साह आणायचा कुठून?

मी बरीच वर्षं हे काम करते आहे. पार्ल्यात शेजारणींबरोबर बसून करते आणि इतरांची अडलेली कामंही हातात घेऊन पाहिली आहेत. त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. उत्साह संपला म्हणून काम अडलं असं आपण समजतो. घडलेलं बहुतेक वेळा उलटं असतं. काम कुठल्यातरी एका जागी अडतं, ते का अडलं हे आपण नीट बघत नाही, आणि कापड हातात घेतलं की दर वेळी तीच अडचण समोर येते म्हणून मन उडतं. तेवढी अडचण दूर झाली की हात आपोआप चालतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून स्वतःला बक्षीस लावा, रोज इतके टाके घालायचा नेम करा, यातलं काही सांगत नाही. तपासणी कशी करायची आणि कोणत्या कारणावर काय उपाय, तेवढंच सांगते.

आधी तपासणी

सकाळच्या उजेडात पलंगावर पांढरी चादर टाका आणि कापड पूर्ण उलगडा. शेजारी चार्ट (नक्षीचा चौकोनांचा नकाशा) आणि दोरे ठेवा. कापड ताणायची रिंग लावू नका. आता शेवटचा टाका शोधा. मागच्या बाजूला दोऱ्याचं टोक न खोचता लोंबत असतं, नाहीतर सुई अजून तिथेच असते. मग त्या टाक्याच्या पुढे काय भरायचं होतं ते चार्टमध्ये बघा. कारण बहुधा तिथेच दोन इंचांत सापडतं.

एखाद्या रंगाच्या मधोमध थांबलं असेल तर दोरा संपला असणार. दोन आकृत्या जिथे जुळायच्या तिथे थांबलं असेल तर मोजणी चुकली असण्याची शक्यता मोठी. आकाश, भिंत, पाणी अशा मोठ्या एकरंगी पट्ट्याच्या तोंडाशी थांबलं असेल तर ते भरायचा धीर झालेला नाही. प्रत्येक टाक्याला वेगळा रंग अशा ठिपक्याठिपक्यांच्या भागात थांबलं असेल तर डोळे आणि डोकं दोन्ही दमलेत. आणि सगळ्या फुल्या भरून झाल्यात, फक्त बाह्यरेषेचा बॅकस्टिच राहिलाय, असंही पुष्कळदा निघतं. ते तर थोड्या बैठकांचं काम असतं, पण पिशवीत राहिल्यामुळे मनात डोंगराएवढं झालेलं असतं.

सापडलेलं कारण एका चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचा. ‘उजव्या पंखाशी एक घर सरकलंय’, ‘मातकट हिरवा संपला’. पुढच्या वेळी पिशवी उघडाल तेव्हा काय करायचं ते पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे.

मोजणी चुकली आहे

सगळ्यात जास्त कामं इथे मरतात. काही तरी जुळत नाही हे कळलेलं असतं, किती उसवावं लागेल हे कळलेलं नसतं, आणि ते कळून घ्यायची भीती वाटते. म्हणून कापड मिटून ठेवलं जातं.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा राधाकृष्ण असाच अडला होता. त्यांनी चौकटीची वेल आधी भरायला घेतली होती. एका कोपऱ्यातून निघून चारही बाजू फिरून आल्या आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन टोकं भेटेनात. एका घराचा फरक. ‘अगं, एवढं सगळं उसवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो बघ,’ काकू म्हणाल्या. मी म्हटलं, ‘काकू, उसवायचं किती ते आधी मोजून तर बघू. तुम्ही चार्ट वाचा, मी टाचण्या लावते.’ दर दहा घरांवर एक टाचणी लावत गेलो. तीन बाजू बिनचूक होत्या. चौथ्या बाजूला मधल्या दोन पानांमध्ये तीन घरं मोकळी हवी होती, तिथे चार सुटली होती. तिथून पुढची वेल एक घर सरकलेली. पण कोपऱ्याच्या अलीकडे नुसता सरळ देठ होता. देठाचा एक टाका कमी केला, टोकं जुळली. पानं तशीच राहिली आणि ती चूक शोधायला आता काकूंनाही पट्टी घेऊन बसावं लागेल.

तेव्हा पहिलं काम, चूक नेमकी कुठल्या टाक्यापासून सुरू झाली ते शोधणं. उसवायचं की नाही हा निर्णय त्यानंतरचा. चुकलेला भाग पुढे दुसऱ्या कशाला जोडायचा असेल आणि मध्ये फरक मुरवायला जागा नसेल, तर उसवा. चेहरा, डोळे, अक्षरं, किंवा दोन्ही बाजूंनी सारखी असणारी नक्षी असेल तरीही उसवा, कारण तिथे एका घराचा फरक नजरेत भरतो. एकटं फूल, एकटं पान, झाडाची फांदी, ढग यांत चूक असेल तर राहू द्या. चार्ट तुमच्या मदतीला आहे. भिंतीवर लागल्यावर तो शेजारी धरून कोणी तपासणार नाही.

उसवायचंच असेल तर मागच्या बाजूने उसवा. लहान टोकदार कात्रीने दर तीन-चार टाक्यांनी दोरा कापायचा आणि चिमट्याने तुकडे ओढून काढायचे. लांब दोरा तसाच घरांमधून ओढत नेला की त्याचा भुसा कापडात बसतो. गडद रंग असेल तर पांढऱ्या कापडावर ती काजळी स्पष्ट दिसते. बसलाच तर चिकटपट्टीने हलक्या हाताने उचलायचा. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नये. त्याची चमक गेलेली असते आणि वळ्या पडलेल्या असतात, नवीन टाका त्याने सपाट बसत नाही. पुष्कळजणी दोरा वाचवायच्या नादात एकेक टाका सुईने उलटा काढत बसतात आणि तिथेच कंटाळतात. आठ मीटरच्या लडीपेक्षा तुमची संध्याकाळ महाग आहे, कापून टाका. आणि उसवण्याच्या दिवशी फक्त उसवा. त्याच बैठकीत पुन्हा भरायला घेतलं की रागाच्या भरात तीच चूक परत होते.

चूक पुन्हा होऊ नये यासाठी कापडावर दहा-दहा घरांचे चौकोन आखून घ्या. छापील चार्टवर दर दहा घरांनी जाड रेघ असतेच, कापडावरही ती आली की मोजणं जवळपास संपतं. अर्धवट कामावरही उरलेल्या मोकळ्या भागात हे करता येतं. शिवणाच्या दोऱ्याने आखलं तर भरताना सुई त्या दोऱ्यात घुसते आणि नंतर तो निघता निघत नाही. त्यापेक्षा बारीक तंगूस (नायलॉनची दोरी) घ्या, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिच्यात सुई घुसत नाही आणि काम झाल्यावर एका ओढीत सुळकन निघते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेननेही आखता येतं, पण ती रेघ धुऊन पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसते. उष्णतेने पुसली जाणारी पेनं मिळतात ती मी वापरू देत नाही. गेलेली रेघ थंडीत पुन्हा उमटू शकते.

मोजणी बरोबर असूनही चित्र बसकं किंवा लांबट दिसतंय असं वाटलं तर दोष कापडाचा असू शकतो. सुट्ट्या मॅटीत, म्हणजे घरांच्या विणीच्या साध्या कापडात, कधी कधी उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसते. पट्टी ठेवून एका इंचात दोन्ही दिशांनी घरं मोजा. फरक असेल तर गोल चेहरा अंडाकृती होणारच. वेलबुट्टी असेल तर खुशाल पुढे जा, चेहरा असेल तर चांगल्या, सारख्या घरांच्या आयडा कापडावर नव्याने करणं बरं.

दोरा संपला आहे, आणि नंबर सापडत नाही

लेबल हरवलं असेल तर कापडच घेऊन दुकानात जा. मोबाइलमधल्या फोटोवर रंग जुळवू नका, फोटो प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो. दादर पश्चिमेला स्टेशनपासून रानडे रोडपर्यंत, भुलेश्वरला, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात भरतकामाच्या सामानाची दुकानं आहेत. शेड कार्ड (दोऱ्यांच्या रंगांचे नमुने लावलेलं कार्ड) मागा आणि ते घेऊन दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात या. ट्यूबलाइटखाली जुळलेला गुलाबी घरी आल्यावर जांभळट निघतो. गर्दी टाळायची तर सकाळी दुकानं उघडता उघडता जावं, दुकानदारालाही लडी काढून दाखवायला वेळ असतो.

परदेशी चार्टवर बहुतेक डीएमसी या कंपनीच्या दोऱ्याचे नंबर असतात आणि आपल्याकडे सर्रास मिळतो अँकर कंपनीचा. एकाचे नंबर दुसऱ्याला कसे लावायचे याचे तक्ते असतात. काळ्यासारखा रंग सरळ जुळतो, डीएमसीचा ३१० म्हणजे अँकरचा ४०३. पण त्वचेचे, आकाशाचे, पानांचे रंग त्या तक्त्यात जवळपास जुळणारे असतात, हुबेहूब नसतात. एकाच गालावर दोन कंपन्यांचा दोरा वापरू नका. एका संपूर्ण आकृतीला एक कंपनी, इतकं पाळलं तरी चालतं.

नंबर तोच, कंपनी तीच, तरी नवी लड जुन्याशी किंचित वेगळी दिसते, असंही होतं. रंगाईच्या घाण्यागणिक थोडा फरक पडतो. याला एक साधी युक्ती आहे. दोऱ्याला सहा पदर असतात आणि १४ काउंटच्या, म्हणजे एका इंचात १४ घरं असलेल्या, कापडावर आपण साधारण दोन पदर वापरतो. जुना रंग संपत आला की त्याचा एक पदर आणि नव्या लडीचा एक पदर असे मिळून सुईत ओवा. काही ओळी या मिश्रणाने भरल्या की मग पूर्ण नवा दोरा सुरू करा. सीमारेषा दिसत नाही. अर्थात त्यासाठी जुना दोरा अगदी संपायच्या आधी जाग आली पाहिजे, म्हणून मोठ्या पार्श्वभूमीच्या सगळ्या लडी एकदमच आणलेल्या बऱ्या.

दिसत नाही

हे कारण बायका पटकन कबूल करत नाहीत. काम वर्षानुवर्षं पडून असेल तर मधल्या काळात नजर बदललेली असू शकते. पस्तिशीत १८ काउंटवर सहज चालणारा हात पंचेचाळिशीत अडतो आणि आपण म्हणतो, ‘आताशा मन लागत नाही.’ १८ काउंट म्हणजे एका चौरस इंचात ३२४ फुल्या, १४ काउंटमध्ये १९६. फरक थोडाथोडका नाही. आधी चाळिशीचा नंबर तपासून घ्या. भरतकामाचं अंतर पुस्तकापेक्षा जवळ असतं, तेही डॉक्टरांना सांगा.

उजेड कामावर पडला पाहिजे, डोळ्यांवर नाही. उजव्या हाताने भरणारीने दिवा डावीकडे, खांद्याच्या थोडा मागे ठेवावा म्हणजे हाताची सावली टाक्यावर येत नाही. काळ्या कापडावर काम अडलं असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा. घरं मागून उजळतात आणि सुई बरोबर भोकात जाते. एवढ्या एका गोष्टीने पुन्हा सुरू झालेली काळी कामं मी पाहिली आहेत.

चार्टही बघा. बारीक खुणांचा चार्ट वाचताना डोळे फिरत असतील तर झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर मोठा करून घ्या आणि भरून झालेले चौकोन फिक्या हायलायटरने रंगवत चला. टॅबवर चार्ट असेल तर मोठा करून बघता येतोच. ठिपक्याठिपक्यांच्या भागात प्रत्येक रंगाची सुई आधी ओवून ठेवा आणि एका वेळी एकच दहा बाय दहाचा चौकोन डोळ्यांसमोर ठेवा. रंग बदलला की दोरा बांधून कापत बसू नका. त्या रंगाचा पुढचा टाका ज्या घरात आहे तिथे सुई वर काढून बाजूला लोंबू द्या. पुढच्या चौकोनात गेलात की ती तिथे हजर असते.

संपणारच नाही असं वाटतं

मग एकदा हिशेब करून टाका. चार्टवर एकूण घरं किती ते लिहिलेलं असतं. १४० बाय १४० चं चित्र १४ काउंटवर दहा इंच बाय दहा इंच होतं आणि पूर्ण भरीव असेल तर त्यात १९,६०० फुल्या असतात. घड्याळ लावून एक तास भरा आणि तुमच्या फुल्या मोजा. समजा शंभर झाल्या. निम्मं काम झालेलं असेल तर उरले ९८ तास, रोज अर्धा तास धरला तर साडेसहा महिने. आकडा मोठा वाटो की छोटा, तो कळल्यावर निर्णय घेता येतो. साडेसहा महिने कबूल असतील तर सुरू करा. नसतील तर चित्र लहान करा. आकाश अर्ध्या उंचीवर थांबवा, पार्श्वभूमी न भरता कापडाचाच रंग राहू द्या, बाहेरची चौकट गाळा. चित्रकार कडा कापतो, आपणही कापू शकतो.

काम बाहेर काढायलाच वेळ जातो

मुंबईच्या घरात हे कारण फार मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वन रूम किचनमध्ये काम पसरून ठेवायला जागा नसते. जेवणाचं टेबल, असलंच तर, मुलांच्या अभ्यासाचंही तेच असतं. पिशवी काढा, रिंग लावा, चार्ट उलगडा, रंग शोधा, जागा शोधा, यातच वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. अर्ध्या तासाच्या फुरसतीत दहा मिनिटं भरणं झालं तर कोणाला हुरूप येईल?

एक मोठा सपाट ट्रे घ्या, पलंगाखाली सरकेल असा. त्यात फक्त चालू काम, त्यालाच लागणारे दोरे, चार्टचं चालू पान आणि कात्री. बाकीचं सामान, इतर कामं, उरलेल्या लडी यांना या ट्रेमध्ये प्रवेश नाही. आणि उठताना नेमकं ओळ संपवून उठायची सवय सोडा. ओळीच्या मध्ये, सुईत दोरा शिल्लक असताना उठा, म्हणजे पुन्हा बसलात की विचार न करता दहा टाके पडतात आणि त्यानंतर हात चालू राहतो.

लोकलचा वेळही काहीजणींना उपयोगी पडतो. लेडीज डब्यात भाजी निवडली जाते, भजनं होतात, क्रोशाही चालतो. पण भरतकाम फक्त बसायला जागा मिळाली तरच, तेही एकरंगी भागाचं, आणि मोजायचं काम घरी. उभ्या गर्दीत सुई बाहेर काढूच नये. शेजारणीला लागली तर काय घ्या?

पावसाळ्याने केलेलं नुकसान

जूनमध्ये ठेवलेलं कापड ऑक्टोबरमध्ये काढलं तर त्याला वास येतो, रिंगचा तपकिरी गोल उमटलेला असतो आणि सुई जिथे खोचली होती तिथे गंजाचा ठिपका असतो. ते पाहून काम टाकून दिलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यातलं बहुतेक निघतं.

रिंगचा गोल म्हणजे हाताचं तेल आणि धूळ. थंड किंवा अगदी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून कापड थोडा वेळ भिजवा, चोळू नका, पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि किंचित ओलं असताना उलट्या बाजूने, टॉवेलवर ठेवून इस्त्री करा. लाल किंवा मरून रंग सुटला तर घाबरून वाळवू नका. वाळला की तो डाग बसला. पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत थंड पाणी बदलत राहा. गंजाचा ठिपका मोकळ्या कापडावर असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा आणि खळखळून धुवा. भरलेल्या भागाजवळ असेल तर जपून, लिंबाने दोऱ्याचा रंग उतरू शकतो. आधी त्याच रंगाच्या तुकड्यावर करून बघा. अगदीच निघाला नाही तर त्यावर एक छोटं फूल किंवा पाखरू भरा.

ठेवताना रिंग दर वेळी काढायचीच. सुई कापडात खोचून ठेवायची नाही, चुंबकावर किंवा पिनकुशनमध्ये ठेवा. घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर जुना सुती पंचा गुंडाळून त्यावर काम गुंडाळा आणि वरून जुन्या सुती साडीचा तुकडा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत आपली दमट हवा कोंडून बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या कपाटात असल्या तरी दोऱ्याला चिकटून नकोत.

ज्यासाठी सुरू केलं, ती वेळच निघून गेली

रुखवतासाठी घेतलेलं काम हे याचं ठळक उदाहरण. बहिणीच्या, नणंदेच्या, लेकीच्या लग्नाला म्हणून नवरानवरी, कलश, दोघांची नावं असं काही घेतलेलं असतं. खरेदी, पाहुणे, केळवणं यांत ते राहतं, लग्न होऊन जातं. मग ते काम बघितलं की टाका घालण्याऐवजी रुखरुख लागते. बाळाच्या बारशासाठी घेतलेली चौकट आणि बाळ आता शाळेत, हेही तसंच. इथे सुई अडलेली नसते, कामाचं प्रयोजन संपलेलं असतं, आणि प्रयोजनाशिवाय कोणाचाच हात चालत नाही. म्हणून त्याला नवं प्रयोजन द्या. लग्नाची तारीख जुनी होत नाही. तेच काम लग्नाच्या पाचव्या किंवा दहाव्या वाढदिवसाला द्या. ‘शुभविवाह’ एवढीच अक्षरं उसवून तिथे वेल भरली तरी झालं. जन्मतारीख तर कायमचीच असते, बारशाची चौकट मुंजीला किंवा दहावीच्या निकालाला दिली तर मुलाला ती वाचताही येईल.

आणि ज्या कामाशी आता काही नातंच उरलं नाही, नक्षी आवडेनाशी झाली, ज्याच्यासाठी होतं त्याच्याशी बोलणं राहिलं नाही, ते सोडून द्या. मनापासून सांगते, हे सोडणं वाईट नाही. अशी दोन-तीन कामं पिशवीत असली की त्यांचं ओझं चांगल्या कामावरही पडतं. पूर्ण झालेला एखादा पोपट, एखादं कमळ असेल तर त्याच्याभोवती मशीनची झिगझॅग शिलाई मारून मगच कापा, नाहीतर मॅटी भराभर सुटते. तो तुकडा कापडी पिशवीवर, उशीच्या अभ्र्यावर लावता येतो. लडी नंबरासकट दोऱ्यांच्या डब्यात जाऊ द्या.

आईचं किंवा सासूबाईंचं राहिलेलं काम

याबद्दल वेगळं बोललं पाहिजे. माणूस गेल्यावर कपाटात अर्धं भरतकाम निघतं आणि ते पुरं करायची फार इच्छा असते, पण हात धजत नाही. मी अशा कामाला हात लावायच्या आधी मागची बाजू बघायला सांगते. त्यांनी दोरा कसा बांधलाय, गाठ मारली आहे की टाक्यांखाली खोचलाय, एका रंगावरून दुसरीकडे किती लांब उडी घेतली आहे, हे सगळं तिथे दिसतं. मग पुढून फुलीची वरची तिरकी रेघ कुठल्या दिशेला आहे ते पाहा. काहीजणी डावीकडून वर उजवीकडे घालतात, काही उलट. तुमची दिशा वेगळी असेल तर तुमचा भाग उजेडात वेगळा चमकतो, म्हणून त्यांच्याच दिशेने घालायचं. आधी वेगळ्या मॅटीच्या तुकड्यावर त्यांच्या घट्टपणाशी हात जुळेपर्यंत सराव करा, मग मूळ कापडावर या. दोरे जुने झाले असतील तर पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून रंग सुटतो का बघा आणि ओढून तुटतो का तेही.

दुसरा मार्गही तितकाच योग्य आहे: पुढे एक टाकाही न घालता, स्वच्छ धुऊन, आहे तसं फ्रेम करणं. कुठला घ्यायचा ते घरच्यांशी बोलून ठरवा, भावंडांना विचारा. घाई नाही.

सगळं भरून झालंय, फ्रेम राहिली

फ्रेमवाल्याकडे नेताना तीन गोष्टी आधी स्पष्ट सांगा. कापड गोंदाने चिकटवायचं नाही. पुठ्ठ्यावर ताणून मागून दोऱ्याने विणून किंवा कडांना टाचण्या लावून बसवायचं. काच टाक्यांना टेकता कामा नये, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवंच. आणि चारही बाजूंनी निदान दोन-तीन इंच कापड मोकळं सोडलेलं आहे ते कापायचं नाही. पावसाची झड थेट झेलणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका, ओल मागून पुठ्ठ्यात शिरते. फ्रेमचा खर्च आत्ता नको असेल तर लाकडी रिंगमध्येच काम ताणून, मागे सुती कापड शिवून, रिंगचा स्क्रू वर ठेवून खिळ्याला टांगा. ही रिंग मात्र नवी आणि कोरडी घ्या, भरताना वापरलेली नको.